ताराबाईंची साक्ष

फ्रँक हर्बर्टची 'ड्यून' ही कादंबरी १९६५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातलं जग आपल्यापासून हजारो वर्षं पुढचं आहे. साम्राज्य ग्रहाग्रहांवर पसरलंय, सरदारघराण्यांना एकेक ग्रह जहागिरीसारखा मिळालाय. पण एवढं पुढे जाऊनही गादीचा प्रश्न जुनाच राहतो: हा मुलगा कुणाचा? आणि त्याचं उत्तर ज्यांच्याकडे असतं, तो 'बेने जेसेरिट' हा स्त्रियांचा पंथ. कुणाच्या पोटी कोण जन्मलं, कुणाचं रक्त कुणात मिसळलं, याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब या बायका राखतात. सम्राटालाही त्यांना वचकून राहावं लागतं.

अंतराळातल्या घराण्यांवरच्या अशा कादंबऱ्या आणि मालिका मी आवडीने वाचतो, बघतो. त्यांच्यात बहुतेक वेळा एक कठोर म्हातारी असते. मुलगे, नातू, पुतणे गादीसाठी भांडत असतात आणि ही मधोमध बसून एकाला वर काढते, दुसऱ्याला बुडवते. मला दर वेळी प्रश्न पडायचा, की या बाईकडे नेमकी ताकद कसली? सैन्य तिच्या हाताखाली नसतं, खजिना दुसऱ्याच कुणाकडे असतो. तरी सगळे तिला घाबरतात ते का? याचं उत्तर मला अंतराळात सापडलं नाही. ते साताऱ्याच्या किल्ल्यावर सापडलं, महाराणी ताराबाईंच्या चरित्रात.

ताराबाईंची आपल्या मनात दोन चित्रं आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. पहिलं १७०० ते १७०७ या काळातलं: पंचविशीत विधवा झालेली, औरंगजेबाला सात वर्षं झुंजवणारी राणी. शाळेच्या पुस्तकात, पुतळ्यांत आणि भाषणांत आहे ती हीच. दुसरं चित्र पंचाहत्तरीतल्या म्हातारीचं आहे. जो नातू तिने स्वतः पुढे आणला, त्याच नातवाला तिने कैदेत टाकलं आणि हा माझा नातूच नव्हे, असं जाहीर केलं. पहिल्या चित्रावर आपण खूश असतो आणि दुसऱ्याबद्दल गप्प बसतो. फार तर 'म्हातारपणी सत्तेची हाव सुटली नाही' म्हणून पान उलटतो. माझं म्हणणं असं, की या दोन्ही चित्रांत बाई एकच आहे आणि तिच्या हातातलं एक हत्यारही तेच आहे. ते हत्यार म्हणजे साक्ष.

त्या काळात जन्माचा दाखला नव्हता, छायाचित्र नव्हतं. राजाचा मुलगा जन्मतो तो राणीवशात. तिथे सुईण असते, दासी असतात, घरातल्या थोरल्या बायका असतात. बाहेरच्या पुरुषांना कळतं ते आतून सांगितलं जाईल तेवढंच. शांततेच्या काळात यात अडचण येत नाही, कारण मूल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाढतं. पण मराठ्यांच्या राज्यात १६८९ नंतर शांतता उरलीच नव्हती. राजघराणं विखुरलं होतं. कुणी रायगडावर, कुणी जिंजीला, कुणी मोगलांच्या छावणीत. मुलं नजरेआड जन्मली, नजरेआड वाढली. अशा वेळी 'हा आपला' किंवा 'हा आपला नव्हे' हे सांगणाऱ्या घरच्या बाईच्या शब्दाला राज्याएवढी किंमत येते.

ताराबाईंना ही गोष्ट लहानपणीच उमगली असणार. त्या सरसेनापती हंबीरराव मोहित्यांच्या कन्या, जन्म १६७५ चा. हंबीररावांची बहीण सोयराबाई म्हणजे शिवाजी महाराजांच्या राणी आणि राजारामांच्या मातोश्री. १६८० मध्ये महाराज गेले तेव्हा सोयराबाईंनी आपल्या दहा वर्षांच्या मुलाला गादीवर बसवायचा घाट घातला आणि त्यांच्या सख्ख्या भावाने, हंबीररावांनी, थोरल्या संभाजीराजांची बाजू घेतली. घरातली आत्या एकीकडे, बाप दुसरीकडे, हे ताराबाईंनी पाचव्या वर्षी पाहिलं. पुढे त्याच आत्याच्या मुलाशी, राजारामांशी, त्यांचं लग्न झालं.

१६८९ मध्ये संभाजीराजे मारले गेले तेव्हा घराण्यातल्या आणखी एका स्त्रीने निर्णय घेतला. येसूबाईंचा मुलगा शाहू सात वर्षांचा होता. गादीवर हक्क त्याचा. पण येसूबाईंनी सांगितलं की राजारामांनी कारभार हाती घ्यावा आणि रायगडातून बाहेर पडावं. राजाराम जिंजीला गेले. रायगड पडला आणि येसूबाई व शाहू मोगलांच्या हाती लागले. एका आईने स्वतःच्या मुलाचा हक्क बाजूला ठेवून राज्य वाचवलं. पण त्यातून जो प्रश्न शिल्लक राहिला तो पुढे अठरा वर्षांनी उभा ठाकणार होता: राजाराम राजे होते, की शाहूच्या वतीने राज्य सांभाळणारे होते?

राजारामांचा मृत्यू मार्च १७०० मध्ये सिंहगडावर झाला. ताराबाईंचा मुलगा शिवाजी तेव्हा चार वर्षांचाही झाला नव्हता आणि सवत राजसबाईंचा मुलगा संभाजी त्याहून लहान होता. रामचंद्रपंत अमात्यांसारख्या जुन्या माणसाचं मत असं, की गादी शाहूची आहे. ताराबाईंनी ते मानलं नाही. परशुराम त्रिंबक आणि शंकराजी नारायण यांना बरोबर घेऊन त्यांनी आपल्या मुलाला गादीवर बसवलं, सवतीला आणि तिच्या मुलाला नजरकैदेत टाकलं आणि स्वतः कारभार पाहू लागल्या. पुढच्या सात वर्षांत औरंगजेब एकामागून एक किल्ले घेत फिरला. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड. मराठे ते परत घेत राहिले आणि त्यांच्या फौजा माळव्या-गुजरातेत शिरल्या. मोगलांचा इतिहासकार खाफीखान, ज्याला मराठ्यांविषयी काडीचंही प्रेम नव्हतं, त्यानेही या बाईच्या बुद्धीची आणि कारभाराची वाखाणणी केली आहे.

१७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरला मेला. त्याचा मुलगा आझमशहा गादीसाठी उत्तरेकडे निघाला आणि वाटेत, मे महिन्यात, त्याने शाहूला सोडून दिलं. हेतू उघड होता, मराठ्यांत दुफळी व्हावी. शाहू पंचवीस वर्षांचे होते. अठरा वर्षं मोगलांच्या छावणीत काढलेला हा तरुण दक्षिणेत आला आणि म्हणाला, मी संभाजीराजांचा मुलगा.

ताराबाईंकडे याला एक चांगलं उत्तर होतं आणि ते त्यांनी दिलंही. संभाजीराजांचं राज्य त्यांच्याबरोबरच बुडालं. आज जे आहे ते राजारामांनी आणि त्यांच्यामागे आम्ही लढून मिळवलं. त्यावर शाहूचा हक्क नाही. हा राजकीय युक्तिवाद आहे आणि त्यात दम आहे. पण युक्तिवादाला प्रतिवाद करता येतो. म्हणून त्यांनी दुसरं अस्त्रही काढलं: हा शाहू नव्हेच, तोतया आहे. दूधभातावर हात ठेवून त्यांनी सरदारांकडून शपथा घेवविल्या, असं बखरी सांगतात.

या प्रसंगातली एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. शाहूला ओळखून 'हा माझा मुलगा' असं सांगू शकणारी एक बाई जिवंत होती, येसूबाई. पण मोगलांनी मुलाला सोडताना आईला ओलीस ठेवून घेतलं होतं. त्या सुटून आल्या १७१९ मध्ये, बारा वर्षांनी. म्हणजे १७०७ मध्ये आईची साक्ष मोगलांच्या ताब्यात होती आणि मोकळी होती ती फक्त काकूची साक्ष. ती काकूने विरुद्ध दिली.

ती चालली नाही, कारण सेनापती धनाजी जाधवांनी आपल्या परीने खातरजमा करून घेतली. ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेकाठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या तेव्हा धनाजी शाहूंकडे गेले. शंकराजी नारायण सचिवांनी तर ताराबाईंना दिलेली शपथ आणि धन्याच्या वंशाविरुद्ध हत्यार न धरण्याचा धर्म, या कात्रीत सापडून जीव दिला, असं सांगतात. यातला तपशील कमीअधिक असेल, पण त्या काळात शपथ ही किती खरी वस्तू होती ते यातून कळतं. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी पन्हाळा-कोल्हापूरकडे आपली वेगळी गादी मांडली.

ती गादीही त्यांना लाभली नाही. १७१४ मध्ये राजसबाईंनी डाव उलटवला. चौदा वर्षं नजरकैदेत काढलेल्या सवतीने आपला मुलगा संभाजी कोल्हापूरच्या गादीवर बसवला आणि ताराबाई व त्यांचा मुलगा शिवाजी यांना पन्हाळ्यावर डांबलं. शिवाजी १७२६ मध्ये कैदेतच गेला. ताराबाईंनी जे केलं तेच त्यांच्या वाट्याला आलं, असं म्हणून कुणाला समाधान वाटेल. मला वाटत नाही. पोटचा एकुलता एक मुलगा तुरुंगात मरताना पाहिलेल्या बाईकडून पुढे आपण कोणत्या मायेची अपेक्षा करतो, हा प्रश्न त्यांच्यावर निकाल देण्याआधी स्वतःला विचारावासा वाटतो.

१७३० मध्ये वारणेकाठी कोल्हापूरच्या संभाजींचा पराभव झाला तेव्हा राजघराण्यातल्या बायका शाहूंच्या हाती आल्या. बाकीच्या मानाने परत गेल्या, ताराबाई साताऱ्यातच राहिल्या. कैद बदलली, एवढंच. पण आता त्या ज्या घरात होत्या त्या घरच्या राजाला मुलगा नव्हता.

शाहूंचे मुलगे जगले नाहीत. १७४० नंतर सगळ्या दरबारापुढे एकच प्रश्न होता, पुढे कोण? आणि या वेळी ताराबाईंनी सांगितलं, की माझा वंश बुडालेला नाही. माझ्या शिवाजीला मुलगा झाला होता. राजसबाईंच्या भयाने तो जन्मताच पन्हाळ्याबाहेर काढला, दुसऱ्यांच्या घरी लपवून वाढवला. त्याचं नाव राजाराम. इतिहास त्याला रामराजा म्हणून ओळखतो.

चाळीस वर्षांपूर्वीचा प्रसंग आता बरोबर उलटा झाला होता. तेव्हा त्या एका अनोळखी तरुणाला 'तोतया' म्हणत होत्या, आता एका अनोळखी तरुणाला 'खरा' म्हणत होत्या. शाहूंनी चौकशी केली आणि त्यांचं समाधान झालं. त्यांच्या राणी सकवारबाईंचं झालं नाही. हा मुलगा बनावट आहे असं त्या म्हणत राहिल्या आणि त्यांचा ओढा कोल्हापूरच्या संभाजींकडे होता. १५ डिसेंबर १७४९ ला शाहू गेले. सकवारबाई सती गेल्या. विरोधातली साक्ष चितेवर गेली.

जानेवारी १७५० मध्ये रामराजा साताऱ्यास आला. ग्रँट डफ लिहितो, की राज्याभिषेकाआधी ताराबाईंनी जातभाईंच्या देखत त्याच्यासोबत जेवण घेतलं आणि त्या अन्नाची शपथ घेऊन हा आपला नातू असल्याचं सांगितलं. ज्या समाजात कुणी कुणाच्या पंक्तीला बसायचं यावरून घराणी बहिष्कृत होत, तिथे एका ताटाजवळ बसून घेतलेली ही शपथ कुठल्याही कागदाहून पक्की होती.

पण नातू हाती राहिला नाही. पेशवे नानासाहेबांनी सप्टेंबर १७५० मध्ये सांगोल्याला रामराजाकडून करार करून घेतला आणि राज्याचे सगळे अधिकार पेशव्यांकडे आले. ज्याच्यासाठी ताराबाईंनी अन्नाची शपथ घेतली त्या पोराने दहा महिन्यांच्या आत सगळं दुसऱ्याच्या पदरात टाकलं. नोव्हेंबरात, पेशवे निजामाकडे गुंतले असताना, चंपाषष्ठीच्या सणाला तो आजीला भेटायला साताऱ्याच्या किल्ल्यावर चढला. त्याला खाली उतरू दिलं गेलं नाही. ताराबाईंनी किल्ल्याचे दरवाजे लावले आणि जाहीर केलं, की हा भोसल्यांचा नव्हे, गोंधळ्याचा पोर आहे.

आता पुढचं थोडक्यात. गुजरातेतून दमाजी गायकवाड पंधरा हजारांची फौज घेऊन ताराबाईंच्या मदतीला आले. त्यांना पाठवणारी उमाबाई दाभाडे हीसुद्धा एका घराण्याची करारी कर्तीसवरती विधवा होती. नानासाहेब विजेच्या वेगाने परतले आणि त्यांनी दमाजींना कैद केलं. किल्ल्यावरच्या शिबंदीत चुळबुळ सुरू झाली. आनंदराव जाधव हा फितुरांचा म्होरक्या. ताराबाईंनी त्याचं डोकं उडवलं. तेव्हा त्यांचं वय शहात्तरच्या आसपास. अखेर तडजोड झाली. सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीला, खंडोबाच्या देवळात, ताराबाई आणि पेशवे यांनी एकमेकांना वचनं दिली आणि तिथे ताराबाईंनी शपथेवर सांगितलं, की रामराजा आपला नातू नाही.

दूधभात, पंक्तीतलं अन्न, जेजुरीचा खंडोबा. पंचेचाळीस वर्षांत तीन शपथा. एक दुसऱ्यांकडून घेवविलेली, दोन स्वतः घेतलेल्या आणि शेवटच्या दोन एकमेकींच्या थेट विरुद्ध.

असाच एक प्रकार रशियात दीडशे वर्षांपूर्वी झाला होता. झार इव्हानचा धाकटा मुलगा दिमित्री १५९१ मध्ये उग्लिच गावी मेला. पुढे 'तो मीच' म्हणत एक तरुण मॉस्कोवर चालून आला. १६०५ मध्ये दिमित्रीची आई मारिया नागाया, जी तोवर जोगीण झाली होती, तिने सगळ्यांसमोर त्याला 'माझा मुलगा' म्हणून ओळखलं आणि त्याचं आसन पक्कं झालं. वर्षभराने त्याला मारण्यात आलं तेव्हा त्याच आईने सांगितलं, की तो माझा नव्हताच. देश वेगळा, धर्म वेगळा, पण यंत्र तेच. मात्र मारियाला दोन्ही वेळा दुसऱ्यांनी बोलायला लावलं. ताराबाई दोन्ही वेळा स्वतःच्या मर्जीने बोलल्या.

मग रामराजा खरा होता की तोतया? रियासतकार सरदेसाईंचा कल तो खरा असल्याकडे आहे आणि मलाही तसंच वाटतं. माझं कारण साधं आहे. जेजुरीच्या शपथेनंतरही ताराबाईंनी त्याला सोडलं नाही. आपल्या मृत्यूपर्यंत, म्हणजे एकूण अकरा वर्षं, त्यांनी त्याला किल्ल्यावर ठेवलं. गोंधळ्याच्या पोराला कुणी अकरा वर्षं सांभाळत नाही. हाकलून देतो किंवा संपवतो. यावर कुणी म्हणेल, की तोतयाही ओलीस म्हणून कामाचा असतो, राज्याभिषेक तर त्याचा झालाच होता. बरोबर आहे. पण ओलीस ठेवायचा असेल तर त्याची किंमत टिकवावी लागते आणि त्या तर उठताबसता त्याची किंमत मातीत घालत होत्या. रागावलेली आजी नातवाला 'तू आमचा नाहीसच' म्हणते, हे घरोघर ऐकू येतं. इथे ते वाक्य राज्याच्या दरबारात बोललं गेलं आणि कागदावर चढलं.

त्या वाक्याचा फायदा कुणाला झाला, ते पाहण्यासारखं आहे. खोट्याची कबुली मिळाल्यावर पेशव्यांनी रामराजाला दूर करून दुसरा छत्रपती आणायला हवा होता. त्यांनी तसं केलं नाही. रामराजा छत्रपतीच राहिला आणि त्याच्या नावाने शिक्के चालले. पेशव्यांना हवा होता तो नेमका असाच राजा: बदलावा लागेल इतका खोटा नाही आणि हुकूम सोडू शकेल इतका खराही नाही. ताराबाईंना छत्रपतींची सत्ता पेशव्यांकडून परत घ्यायची होती. त्यांच्या साक्षीने छत्रपती कायमचे संशयित झाले आणि सत्ता पुण्यात पक्की बसली.

म्हणून मला ताराबाई नुसत्या पराभूत कारस्थानी वाटत नाहीत. १७०० मध्ये चार वर्षांच्या मुलामागे उभं राहून राज्य लढवायला जो निर्दयपणा लागला, तोच १७५० मध्ये नातवाला कोंडायला लागला. निर्दयपणा पहिल्यांदा उपयोगी पडला, कारण तेव्हा शत्रू बाहेरचा होता आणि त्यांच्या हातात शब्दाखेरीज किल्ले आणि फौजाही होत्या. पुढे एकेक गोष्ट हातची गेली: फौज, मुलगा, गादी. उरला तो शब्द. तोही त्यांनी तलवारीसारखा वापरला. पण तलवार पुन्हा पुन्हा चालवता येते. साक्ष उलटी फिरवली की पुढची-मागची सगळीच खोटी पडते.

'ड्यून'सारख्या कादंबरीत वाचकाला एक सोय असते. वारस खरा की खोटा, हे लेखकाला ठाऊक असतं आणि शेवटाआधी तो सांगतो. साताऱ्याच्या प्रकरणात ते जिला ठाऊक होतं ती एकच बाई होती आणि तिने दोन्ही उत्तरं दिली.

१७६१ हे वर्ष मराठ्यांना वाईट गेलं. जानेवारीत पानिपत झालं, जूनमध्ये नानासाहेब पर्वतीवर गेले. ज्यांच्याशी ताराबाई लढल्या ते औरंगजेब, शाहू, राजसबाई, नानासाहेब, सगळे त्यांच्याआधी गेले. डिसेंबरात, शहाऐंशीव्या वर्षी, साताऱ्याच्या किल्ल्यावर त्या वारल्या. त्यानंतर रामराजाची कैद सैल झाली. तो १७७७ पर्यंत जगला आणि छत्रपती म्हणूनच मेला. त्याच्यामागे गादी दत्तक मुलाकडे गेली. दत्तकाला कागद असतो, विधी असतो, चार साक्षीदार असतात. तिथे एकट्या म्हातारीच्या शब्दावर काही अवलंबून नसतं.